वाचकांचे प्रश्न : डोळ्याच्या पडद्यावरील एकेक पेशी

मागील अंकात या सदरात मधुमेहाविषयी लिहिताना ओघात एक वाक्य आले होते. आता काही प्रयोगशाळांत जिवंत माणसाच्या डोळ्यातील प्रकाशग्राही पेशी एकेक करून मोजता येतात, असे ते वाक्य होते. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देत आहे. या तंत्राला इंग्रजीत 'अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स' म्हणतात आणि मराठीत अनुकूली प्रकाशिकी असा शब्द वापरला जातो. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

डोळ्यांचे डॉक्टर कित्येक वर्षांपासून डोळ्याचा पडदा यंत्रातून पाहत आले आहेत. मग त्यातील पेशी आजवर का दिसत नव्हत्या? आणि आता नेमके काय सापडले? (एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा)

डोळ्याच्या आतील पडदा, म्हणजे दृष्टिपटल, पाहण्याचे साधन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये जगापुढे ठेवले. त्यानंतर साधने पुष्कळ सुधारली, परंतु एक अडचण तशीच राहिली. पडदा पाहायचा तर तो रुग्णाच्या स्वतःच्या डोळ्यातूनच पाहावा लागतो. आमचे यंत्र कितीही उत्तम असले, तरी प्रकाशाला आत जाताना आणि बाहेर येताना रुग्णाचे पारपटल (बुबुळापुढील पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया) आणि आतील भिंग ओलांडावेच लागते, आणि ही दोन्ही भिंगे कारखान्यात घासून तयार केलेली नसतात. चष्म्याच्या साध्या आणि सिलिंड्रिकल नंबरने त्यांच्यातील मोठे दोष दूर होतात. मात्र त्यांखाली अनेक बारीक वाकडेपणा शिल्लक राहतात. त्यांना विपथने म्हणतात आणि ती प्रत्येक माणसात, किंबहुना एकाच माणसाच्या दोन डोळ्यांतही, वेगळी असतात.

येथे एक गंमतीचा पेच आहे. डोळ्याची बाहुली लहान असेल, तर प्रकाश तिच्या कडांशी पसरतो आणि बारीक तपशील भौतिकशास्त्राच्या नियमानेच पुसला जातो. थेंब घालून बाहुली सहा मिलिमीटरपर्यंत मोठी केली, तर तत्त्वतः सुमारे दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाचा, तपशील दिसायला हवा. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावरील शंकुपेशी, म्हणजे बारीक तपशील आणि रंग ओळखणाऱ्या प्रकाशग्राही पेशी, साधारण एवढ्याच जाडीच्या असतात. पण बाहुली मोठी होताच विपथने वाढतात आणि चित्र पुन्हा पुसट होते. पेशी दिसण्याइतका प्रकाश बाहेर येत होता, पण तो वाटेत विस्कटत होता.

नेमकी हीच तक्रार खगोलशास्त्रज्ञांची होती. हवेच्या हालचालीमुळे ताऱ्याचा प्रकाश विस्कटतो. तारा लुकलुकतो तो त्यामुळेच. आकार बदलू शकणारा प्रकाशीय घटक दुर्बिणीत बसवून हा विस्कोट जागच्या जागी उलटवावा, अशी कल्पना होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये मांडली. तेव्हा ती प्रत्यक्षात आणण्याजोगी यंत्रसामग्री नव्हती. पुढे अमेरिकी सैन्याने उपग्रह न्याहाळण्यासाठी तिच्यावर बरीच वर्षे गुप्तपणे काम केले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी ते काम खुले झाले. (पुण्यातील आयुका ही संस्था आणि अमेरिकेतील कॅलटेक यांनी मिळून याच तत्त्वावरची 'रोबो-एओ' ही स्वयंचलित यंत्रणा उभारली आणि ती पालोमार वेधशाळेतील दुर्बिणीवर चालवली, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.)

डोळ्यासाठी हे तंत्र आणण्याचे आरंभीचे काम जर्मनीतील हायडलबर्ग येथे योसेफ बिले यांच्या गटात झाले. मोजमापाची युक्ती त्याहून जुनी होती. भिंगाचे दोष तपासण्यासाठी हार्टमान यांनी १९०० मध्ये भोके पाडलेली तबकडी वापरली होती आणि १९७१ मध्ये शॅक व प्लॅट यांनी त्या भोकांच्या जागी बारीक भिंगे बसवली. जुनझाँग लिआंग, बिले आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये हेच साधन मानवी डोळ्यावर चालवून दाखवले. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात लिआंग, डेव्हिड विल्यम्स आणि डोनाल्ड मिलर यांनी ते वाकणाऱ्या आरशाला जोडले आणि जिवंत डोळ्यातील शंकुपेशींची स्वच्छ छायाचित्रे घेतली.

कार्यपद्धती आपण वर्गात समजावून सांगू शकाल इतकी सरळ आहे. डोळ्यात अतिशय मंद प्रकाशाचा एक बिंदू सोडतात. पडद्यावरून परतणारा प्रकाश बाहेर येऊन शेकडो चिमुकल्या भिंगांच्या जाळीवर पडतो आणि प्रत्येक भिंग एक ठिपका उमटवते. संगणकाच्या पडद्यावर हे दृश्य ठिपक्यांच्या रांगोळीसारखे दिसते. डोळा निर्दोष असता, तर सगळे ठिपके भोकांच्या कागदातून पाडल्यासारखे सरळ ओळींत उमटले असते. प्रत्यक्षात कोठे ठिपका डावीकडे सरकलेला असतो, कोठे दोन ठिपके जवळ आलेले असतात. कोणता ठिपका किती सरकला, यावरून त्या जागी प्रकाश किती कलला, हे कळते. मग पातळ आरशाच्या पाठीमागील दांडे त्याला जागोजागी काही मायक्रॉन पुढेमागे ढकलतात आणि आरसा विस्कोटाच्या नेमका उलट आकार घेतो. रॉचेस्टरच्या आरशामागे असे ३७ दांडे होते. हे एकदा करून भागत नाही, कारण अश्रूंचा थर प्रत्येक उघडझापीनंतर बदलतो आणि आतील भिंगाची जुळवणीही क्षणोक्षणी थोडी हलत असते. म्हणून मोजणे आणि आरसा वाकवणे हे चक्र सेकंदाला अनेक वेळा चालू ठेवावे लागते. या तंत्राच्या नावातील 'अनुकूली' हा शब्द त्यावरूनच आला आहे.

ही तपासणी दुखते का? डोळ्याला लेसरने अपाय होत नाही ना? (एक गृहिणी, डोंबिवली)

काही वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत मी स्वतः अशा यंत्रापुढे बसले होते, त्यामुळे अनुभवाने सांगते. प्रथम बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले. त्यानंतर दंतवैद्य कवळीसाठी माप घेतात त्याप्रमाणे एका पट्टीवरील मऊ पदार्थात माझ्या दातांचा ठसा घेतला. ती पट्टी यंत्राला घट्ट बसवलेली असते आणि ती दातांत धरून बसायचे असते, कारण हनुवटी टेकवून डोके पुरेसे स्थिर राहत नाही. पुढे दिसणाऱ्या खुणेकडे एकटक पाहायचे, काही सेकंद पापणी मिटायची नाही, मग विसावा घ्यायचा, असे अर्धा-पाऊण तास चालले. दुखले काहीच नाही. जबडा मात्र अवघडला, आणि थेंबांमुळे संध्याकाळपर्यंत जवळचे वाचता आले नाही.

प्रकाश बहुधा अवरक्ताच्या जवळचा, डोळ्याला मंद लालसर भासणारा असतो आणि त्याची तीव्रता आंतरराष्ट्रीय सुरक्षामर्यादांच्या आत ठेवतात. शस्त्रक्रियेचा लेसर आणि हा लेसर यांची गल्लत करू नये. तपासणी संपल्यावर माझ्याच डोळ्यातील शंकुपेशी समोर दिसल्या. काळ्या पार्श्वभूमीवर ज्वारीचे दाणे दाटीवाटीने पसरावेत तशी ती नक्षी होती, त्यात काही दाणे उजळ होते, काही फिके, आणि एका बाजूने केशवाहिनीची सावली गेली होती. तीस वर्षे इतरांच्या डोळ्यांत पाहिल्यानंतर तो क्षण मला फार मोठा वाटला.

माझ्या सतरा वर्षांच्या मुलाला रेटिनायटिस पिगमेंटोसा असल्याचे निदान झाले आहे. रात्री त्याला दिसत नाही आणि बाजूचे दिसणेही कमी होत आहे. अक्षरतक्त्यावर मात्र तो शेवटची ओळ वाचतो. या नव्या तंत्राने त्याला काही फायदा होईल का? त्यासाठी परदेशी जावे का? माझे आणि माझ्या पत्नीचे आते-मामे नाते आहे, हेही कळवतो. (एक वडील, नांदेड जिल्हा)

आपले पत्र मी दोनदा वाचले. आधी स्पष्ट उत्तर देते. या तंत्राने आजार बरा होत नाही आणि थांबतही नाही. ही पाहण्याची व मोजण्याची पद्धत आहे. केवळ या तपासणीसाठी कर्ज काढून परदेशी जाऊ नये.

आता ती आपल्या मुलाच्या आजाराशी कशी निगडित आहे ते सांगते, कारण तो भाग महत्त्वाचा आहे. या आजारात आधी मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशी मरतात, म्हणून रातांधळेपणा येतो. मध्यभागी असलेल्या शंकुपेशी बराच काळ तग धरतात, आणि अक्षरे वाचण्याचे काम त्याच करतात. अनुकूली प्रकाशिकीने केलेल्या मोजणीतून असे आढळले की, मध्यभागातील शंकुपेशींची दाटी नेहमीच्या निम्म्याच्या आसपास उतरली, तरी रुग्ण ६/६ च्या जवळपासची ओळ वाचू शकतो. म्हणजे अक्षरतक्ता आपल्याला पुष्कळ उशिरा इशारा देतो. मुलगा शेवटची ओळ वाचतो म्हणून पाठपुराव्याची तपासणी लांबणीवर टाकू नये, हे माझे कळकळीचे सांगणे आहे.

हीच गोष्ट औषधांच्या चाचण्यांमध्ये मोठी अडचण ठरते. आजार वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. औषधाने पेशी वाचत आहेत की नाही, हे अक्षरतक्त्यावरून ठरवायचे, तर दहा-बारा वर्षे थांबावे लागेल. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन रुग्णांच्या एका डोळ्यात पेशींना जगवणारे प्रथिन सोडणारी बारीक कुपी बसवली होती आणि दुसऱ्या डोळ्यात बसवली नव्हती. कुपी नसलेल्या डोळ्यांत शंकुपेशींमधील अंतर वाढत गेले, म्हणजे मधल्या पेशी गळत गेल्या, आणि कुपी असलेल्या डोळ्यांत ती गळती तशी दिसली नाही. नेहमीच्या तपासण्यांनी मात्र दोन डोळ्यांत फरक दाखवला नव्हता. रुग्ण तीनच होते, त्यामुळे यावरून उपचार सिद्ध झाला असे म्हणता येत नाही, आणि या आजारासाठी ती कुपी पुढे मान्यताप्राप्त उपचार ठरलीही नाही. त्याच प्रथिनाच्या कुपीला मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यता दिली ती मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया प्रकार २ या वेगळ्या आजारासाठी. तरीसुद्धा पेशीच्या पातळीवरील बदल दोन-तीन वर्षांत मोजता येतो, हे त्या अभ्यासाने दाखवले आणि माझ्या मते या तंत्राचे सर्वांत मोठे मोल तेच आहे.

याहून पुढचे कामही सुरू आहे. शंकुपेशीवर प्रकाश पडला की तिच्या टोकाकडील भागाची लांबी अतिशय सूक्ष्म प्रमाणात बदलते आणि ओसीटीला (प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याच्या थरांचा छेद दाखवणाऱ्या तपासणीला) हे तंत्र जोडल्यास तो बदल मोजता येतो. त्यामुळे पेशी नुसती जागेवर आहे की कामही करते आहे, हे एकेका पेशीपुरते सांगता येऊ लागले आहे. पुढे एखादा जनुकीय उपचार कोणाच्या डोळ्यात करण्यात अर्थ आहे, हे ठरवताना या माहितीचा उपयोग होईल.

आज आपण काय करावे, ते लिहिते. एक जनुकीय तपासणी करून घ्यावी. जवळच्या नात्यात विवाह झाला असेल, तर दोघांकडून सदोष जनुकाची एकेक प्रत मुलाकडे येण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे आते-मामे भावंडांत लग्ने होतात, म्हणून मी हे नेहमी विचारते, आणि यात आपला किंवा आपल्या पत्नीचा काहीही अपराध नाही. आरपीई-६५ या जनुकात दोष असल्यास त्यासाठी जनुकीय उपचार उपलब्ध आहे व त्याला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली आहे. तो फारच थोड्या रुग्णांना लागू पडतो आणि अत्यंत महाग आहे, परंतु दोष कोणता हे माहीत नसेल, तर कोणत्याही उपचाराचे दार ठोठावताच येत नाही. वर्षातून एकदा ओसीटी आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी करून सर्व अहवाल एका फाईलमध्ये जपून ठेवावेत. मुलाने रात्री दुचाकी चालवू नये. धाकटी भावंडे असतील, तर त्यांचेही डोळे तपासून घ्यावेत.

मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. पेशी दाखवणारे यंत्र आले असेल, तर थेंब घालून होणारी तपासणी टाळता येईल का? (एक वाचक, सोलापूर)

टाळता येणार नाही. या यंत्राची नजर अतिशय तीक्ष्ण आहे, पण तिचा टप्पा लहान आहे. एका वेळी ते पडद्याचा एक-दोन अंशांचा तुकडा दाखवते आणि एक अंश म्हणजे पडद्यावर सुमारे तीनदशांश मिलिमीटर. मधुमेहाचे रक्तस्राव पडद्यावर कोठेही असू शकतात. ते शोधण्यासाठी सगळे शेत पाहावे लागते. एका रोपाचे पान भिंगाखाली धरून चालत नाही. केशवाहिन्यांमधून एकेक रक्तपेशी सरकताना या तंत्राने पाहता येते आणि मधुमेहात त्या वाहिन्या कशा बिघडत जातात याचा अभ्यास त्यावर चालू आहे. आपल्यासाठी मात्र वर्षातून एकदा थेंब घालून पडद्याची तपासणी हाच मार्ग आहे, आणि दिसायला त्रास नसतानाही ती करायची आहे.

मोतीबिंदू पिकलेला असताना या यंत्राने पडदा दिसेल का? (एक वाचक, चिपळूण)

नाही. आरसा कललेल्या प्रकाशाला सरळ करतो; गढूळ भिंगातून प्रकाश चहूकडे विखुरतो आणि तो गोळा करणे आरशाच्या आवाक्यात नाही.

मी ऑप्टोमेट्रीची विद्यार्थिनी आहे. 'वेव्हफ्रंट लॅसिक' आणि अनुकूली प्रकाशिकी या एकच गोष्टी आहेत का? जाहिरातींत 'अतिमानवी दृष्टी' असे शब्द वाचायला मिळतात. (पुणे)

दोन्हींचे माहेर एक आहे. ठिपके मोजून विपथनांचा नकाशा काढण्याची रीत दोन्हींत सारखीच असते. फरक असा की, लॅसिकमध्ये तो नकाशा पाहून लेसरने पारपटल एकदाच घडवले जाते, आणि अशा शस्त्रक्रियेला अमेरिकेत २००२ मध्ये पहिली मान्यता मिळाली. त्यानंतर पारपटल भरून येते, त्याचा आकार थोडा बदलतो आणि वयानुसार आतील भिंगही बदलत जाते. अनुकूली प्रकाशिकीत आरसा रुग्णाच्या बाहेर, यंत्रात असतो आणि सतत जुळवून घेतो. रुग्ण यंत्रापासून दूर झाला की त्याची दृष्टी पूर्वीसारखीच असते.

'अतिमानवी' या शब्दाचे मूळ रॉचेस्टरच्या १९९७ च्या शोधनिबंधातच आहे. त्याच्या शीर्षकात 'सामान्याहून अधिक दृष्टी' अशा अर्थाचे शब्द होते आणि आरशामधून पाहणाऱ्यांना खरोखरच अधिक बारीक रेघा ओळखता आल्या होत्या. तथापि याला निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. मध्यभागी शंकुपेशी एकमेकींपासून साधारण अर्ध्या कलेच्या (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतरावर असतात, त्यामुळे चित्र कितीही रेखीव पडले, तरी ६/६ च्या दुपटीच्या आसपास, म्हणजे ६/३ च्या पलीकडे, फारसे जाता येत नाही. गरुडासारखी दृष्टी देण्याचे वचन कोणी दिले, तर दवाखान्यातून उठून यावे, असेच मी सांगेन.

आपण अभ्यासक आहात म्हणून आणखी एक गोष्ट लिहिते. स्पेनमधील मुर्सिया येथील पाब्लो आर्ताल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी वाकणाऱ्या आरशाच्या साहाय्याने प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या विपथनांतून चित्र दाखवले आणि मग तीच विपथने, तेवढ्याच प्रमाणात, फक्त फिरवून दाखवली. दोन्ही वेळा दोष सारखाच होता, तरी स्वतःच्या दोषातून दिसणारे चित्र लोकांना अधिक स्पष्ट वाटले. मेंदूला आपल्या डोळ्याचा वाकडेपणा सवयीचा झालेला असतो. नव्या चष्म्याने पहिले काही दिवस जमीन तिरकी वाटते अशी तक्रार घेऊन ग्राहक येईल, तेव्हा हा प्रयोग आठवावा आणि त्याचे म्हणणे खोटे ठरवू नये. मोतीबिंदूनंतर बसवायच्या महागड्या भिंगांतून कसे दिसेल, हे शस्त्रक्रियेआधीच अनुभवायला देणारी यंत्रेही याच तत्त्वावर तयार झाली आहेत, आणि रोजच्या दवाखान्यात या तंत्राचा प्रवेश बहुधा त्या वाटेने आधी होईल.

शास्त्रज्ञांनी नवा रंग शोधल्याची बातमी मध्यंतरी वाचली. हे खरे आहे का? मला तांबडा आणि हिरवा यांत फरक करता येत नाही, म्हणून विचारतो. (अकरावीचा एक विद्यार्थी, रत्नागिरी)

बातमी खरी आहे, परंतु तिचा अर्थ नीट समजून घ्यावा लागेल. आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्या ढोबळमानाने लांब, मध्यम आणि आखूड तरंगांना प्रतिसाद देतात. मधल्या प्रकारची पेशी एकटीच उद्दीपित होईल असा प्रकाश निसर्गात नाही, कारण तिच्याबरोबर शेजारच्या एका तरी प्रकाराला तो लागतोच. अमेरिकेतील बर्कली येथील गटाने पाच जणांच्या डोळ्यांतील शंकुपेशींचा प्रकारवार नकाशा वापरला, डोळ्याच्या बारीक हालचालींचा माग ठेवला आणि लेसरचे सूक्ष्म ठिपके केवळ मधल्या प्रकारच्या पेशींवर टाकले. त्या लोकांना हात लांब केल्यावर करंगळीच्या नखाएवढा भासणारा एक निळसर हिरवा ठिपका दिसला. तो इतका गडद होता की, साध्या प्रकाशाशी त्याची जुळणी करताना त्यात पांढरा प्रकाश मिसळून तो फिका करावा लागला. त्याला त्यांनी 'ओलो' असे नाव दिले आणि हे काम एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. याला नवा रंग म्हणावे की अतिशय गडद हिरवा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला तो वाद गौण वाटतो. हलत्या, जिवंत डोळ्यात ठरवलेल्या पेशींवरच प्रकाश टाकता आला, ही त्यातील खरी मजल आहे.

तू स्वतःविषयी लिहिले आहेस, म्हणून १९९९ मधील एक काम सांगते. ऑस्टिन रूर्डा आणि डेव्हिड विल्यम्स यांनी दोन पुरुषांच्या डोळ्यांतील तिन्ही प्रकारच्या शंकुपेशी प्रथमच ओळखून दाखवल्या. दोघांचीही रंगदृष्टी चांगली होती. तरी एकाच्या डोळ्यात लांब आणि मध्यम तरंगांच्या पेशी जवळजवळ सारख्या संख्येने होत्या, तर दुसऱ्याच्या डोळ्यात पहिल्या प्रकारच्या पेशी दुसऱ्या प्रकाराच्या जवळजवळ चौपट होत्या. इतका फरक असूनही मेंदूने दोघांचाही हिशेब जुळवून घेतला होता. तुझ्यासारख्या मुलांमध्ये यांपैकी एक प्रकार नसतो किंवा त्याचा प्रतिसाद दुसऱ्यासारखा झालेला असतो. या तंत्राने तो आज बदलता येत नाही, पण एखादी पेशी वेगळ्या रीतीने उद्दीपित केली तर मेंदू तो नवा संदेश वापरायला शिकेल का, हा प्रश्न त्यामुळे प्रयोगाने तपासता येण्याच्या टप्प्यावर आला आहे. रंगांच्या ठिपक्यांमधील आकडे वाचण्याची चाचणी तू दिली नसशील, तर बारावीनंतरचा अभ्यासक्रम निवडण्याआधी ती देऊन ठेव, कारण रेल्वेचालक, वैमानिक आणि सैन्यातील काही पदांसाठी रंगदृष्टीची अट असते.

अशी मोजणी करून घेऊन माझा डोळा निरोगी आहे की नाही हे एका आकड्यात कळेल का? (एक अभियंता, ठाणे)

एका आकड्यात कळणार नाही. निरोगी माणसांतही अगदी मध्यावरील शंकुपेशींची दाटी दर चौरस मिलिमीटरला सुमारे एक लाखापासून तीन लाखांहून अधिक, इतकी वेगवेगळी आढळलेली आहे. त्यामुळे एकदाच मोजलेल्या आकड्याची शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना केल्यास निष्कर्ष चुकू शकतो. त्याच डोळ्याची, त्याच जागेची मोजणी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा करून दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवली, तरच ती मोजणी बोलू लागते. फ्रान्समधील इमॅजिन आइज या कंपनीसारख्या उत्पादकांनी रुग्णालयात ठेवता येतील असे कॅमेरे तयार केले आहेत. तरीही चित्रे घेण्यास लागणारा वेळ, पेशींची मोजणी तपासण्याचे जिकिरीचे काम आणि किंमत यांमुळे ही तपासणी अद्याप बहुतांशी संशोधनाच्या कक्षेतच आहे. आपले वय चाळीसच्या पुढे असेल, तर डोळ्याचा दाब आणि चेतातंतूच्या मुखाची तपासणी करून घ्यावी. काचबिंदू सुरुवातीला काहीही त्रास देत नाही आणि तो शोधण्याची साधने जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे आजच उपलब्ध आहेत.